मॉरिसव्हिलला नावं ठेवताना

आमच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी भांडण असतं. नवराबायकोचं नव्हे, ते बारा महिने चालू असतं. हे भांडण आमंत्रण देऊन, पोटभर जेवू घालून आणि देवघरातली घंटा वाजवून केलं जातं.

न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला घर घेतलं त्या वर्षी गुरुनाथनं ही प्रथा सुरू केली. गुरुनाथ माझा नवरा. पुण्यात एमएस्सीला आम्ही एका वर्गात होतो, त्यामुळे त्याला ‘अहो’ म्हणणं मला कधी जमलं नाही. कॉलेजात असताना तो वादविवाद स्पर्धांमधल्या ढाली घरी आणायचा. पुढे इथल्या औषधाच्या कंपनीत आयुष्य उंदरांबरोबर गेलं, आणि उंदीर काही उलट बोलत नाहीत. मग त्यानं ‘उलटा वाद’ काढला. दर वर्षी एक विषय ठरतो आणि नियम एकच असतो: ज्याला जी गोष्ट मनापासून आवडते, त्यानंच तिच्याविरुद्ध बोलायचं. दुसऱ्या कुणाला तो हक्क नाही. गुरुनाथचं म्हणणं असं की परक्या माणसानं ठेवलेली नावं म्हणजे नुसती निंदा. आपल्या माणसानं नावं ठेवली तर त्यात अभ्यास असतो. पुण्याच्या माणसाला असली तत्त्वज्ञानं सुचतात. आम्ही नागपूरची माणसं आवडलं तर आवडलं म्हणतो आणि पुन्हा वाढून मागतो.

गुरुनाथ स्वतः मात्र आजवर एकदाही बोलायला उभा राहिला नव्हता. तो कायमचा परीक्षक. बोलायचं तर आधी आपल्याला काय आवडतं ते कबूल करावं लागणार, आणि ते या माणसाच्या जिवावर येतं. भाजी आवडली तर ‘मीठ बरोबर आहे’ म्हणतो.

यंदाचा विषय राजसनं सुचवला. राजस कोपऱ्यावरच्या टाउनहाउसमध्ये राहतो, कॉम्प्युटरवाला आहे. न्यू जर्सीत येण्याआधी ऑस्टिनमध्ये होता आणि शरीरानंच तेवढा तिथून निघालाय. चहा दिला की ऑस्टिनची कॉफी सांगतो, पाऊस आला की ऑस्टिनचं ऊन सांगतो. गुरुनाथनं त्याला एकदा विचारलं, “अरे, इतकं चांगलं होतं तर त्यांनी तुला सोडलं कसं?” त्यावरून विषय निघाला: अमेरिकेतलं असं कुठलं शहर आहे, जे त्याच्या भक्तांनी उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय?

आता मला या वादात एवढा रस का होता ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांनी दगा दिला. समोरचं नीट दिसतं, कडेचं दिसत नाही. डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, चाला, फिरा, सगळं करा, पण गाडी चालवू नका. इतकी वर्षं मी बर्फातसुद्धा गाडी काढलेली बाई. भांडण झालं की मी किल्ली उचलायची, मॉलमध्ये जाऊन एक कॉफी प्यायची, न लागणारा एक टॉवेल विकत घ्यायचा आणि शांत होऊन परत यायचं. आमचा संसार टिकला त्यात त्या टॉवेलांचा मोठा वाटा आहे. आता भांडण झालं की मी दार आपटून बाहेर पडते आणि मेलबॉक्सपर्यंत जाते. त्यापुढे जायला जागाच नाही. पुढे रूट वनचा हायवे आहे आणि तो पायी ओलांडायला निघालेल्या बाईला पोलीस घरी आणून सोडतील. मग मी कुपनं आणि जाहिरातींचे कागद हातात घेऊन परत येते, जणू त्यासाठीच गेले होते.

गुरुनाथ बिचारा रोज सकाळी विचारतो, “आज कुठे जायचंय का?” कधी कपाळाला आठी नाही, कधी कंटाळा नाही. त्याच्या त्या चांगुलपणानंच माझं डोकं फिरतं. जायचं कुठेच नसतं. पण जायचं असतं.

घर विकून लहान जागेत जायचं हे आमचं ठरलंच होतं. कुठे, ते ठरत नव्हतं. आमची मुलगी नेत्रा नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला राहते. तिनं आमच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली, न्हाणीघर, सगळं करून घेतलंय. इतक्या मायेनं केलंय की ‘नको’ म्हणायला तोंड उघडत नाही. आणि मॉरिसव्हिलचे भक्त तर विचारू नका. जर्सीतून तिकडे गेलेला माणूस महिन्याभरात प्रचारक होऊन परत येतो. घर मोठं, कर कमी, देऊळ जवळ, डोसा उत्तम, क्रिकेटचं मैदानसुद्धा आहे. मी आयुष्यात क्रिकेट खेळलेली नाही, पण मला ते मैदान दर फोनला दाखवलं जातं.

मला जायचं होतं जर्सी सिटीला. वसंतात माझी मैत्रीण सुमेधा हिच्या मुलीचा, नीनाचा, पाय मोडला. सुमेधा तेव्हा भारतात होती म्हणून मी तिथे नीनाकडे आठवडाभर राहिले. उंच इमारतीतला छोटासा फ्लॅट. पण लिफ्टनं खाली उतरलं की जग सुरू. मी एकटी जाऊन कोथिंबीर आणली, एकटी वाचनालयात बसले, एकटी नदीकाठी गेले आणि कुणाला काही न सांगता एक आइस्क्रीम खाल्लं. मला रडू आलं तिथे बाकावर. इतकं साधं होतं ते.

हे मी गुरुनाथला सांगितलं नव्हतं. जो माणूस न कुरकुरता आपल्याला सगळीकडे नेतो, त्याला ‘मला तुझ्या गाडीत बसायचं नाही’ असं कसं सांगायचं? शिवाय मला पक्की खात्री होती की त्याचा कल मॉरिसव्हिलकडे आहे. उन्हाळ्यापासून तो आठवड्यातून एकदा सकाळी ‘कोथिंबीर आणतो’ म्हणून जायचा आणि दुपारी उगवायचा. मी ताडलं, हा कुठेतरी गाडी लावून नेत्राशी घराचं बोलतोय. कोथिंबीर मात्र झकास आणायचा. हिरवीगार, जाड जुडी. आमच्या नागपूरकडे तिला सांबार म्हणतात आणि तिच्या वड्या करतात, त्या वड्यांना तीच लागते.

तर विषय ठरल्यावर माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. वादाच्या निमित्तानं मॉरिसव्हिलची अशी पिसं काढायची की सगळ्यांना, विशेषतः गुरुनाथला, आपोआप कळावं. सरळ सांगायला नको. पण नियमाप्रमाणे ज्याला जे आवडतं, त्यालाच त्याविरुद्ध बोलता येतं. मग काय, गुरुनाथनं व्हॉट्सॲपवर आवडत्या शहरांची नावं मागवली तेव्हा मी बेधडक लिहिलं: मॉरिसव्हिल.

त्या ग्रुपवर नेत्राही आहे, हे मी विसरले.

आधी लाल बदामांची रांग आली. मग फोन आला. “आई, रिअली? मॉरिसव्हिल इज युअर फेव्हरेट? तू कधी बोलली नाहीस! मी फ्लाइट बुक करतेय, या वर्षी मी येणार ऐकायला.”

मी म्हटलं, “अगं, ये ना.” दुसरं काय म्हणणार?

गुरुनाथ समोर पोहे खात होता. त्यानं फोनमध्ये पाहिलं, “बरं,” म्हणाला आणि पोहे संपवले. मला वाटलं, झालं, हा खूश झाला. त्यानंतर त्याचं कोथिंबिरीला जाणंही थांबलं. जवळच्या दुकानातली मलूल जुडी येऊ लागली. मी वड्यांचं पीठ कालवताना चिडून म्हटलं, “काहून रे, ते तुझं चांगलं दुकान बंद पडलं का?” तो म्हणाला, “आता तिकडे जाणं होत नाही.”

शुक्रवारी दुपारी सगळे जमले. नेत्रा आदल्या दिवशीच आली होती. जावई मिहीर कामामुळे मुलांना घेऊन तिकडेच राहिला. सुमेधा आणि तिचा नवरा मोरेश्वर आले, राजस आला. मोरेश्वर म्हणजे आमच्या इथल्या पहिल्या दिवसांचा सोबती, खाण्यात आणि बोलण्यात सैल. वडाभात झाला, वड्या झाल्या, कढी झाली. गुरुनाथ घंटा घेऊन खुर्चीत बसला. शेजारी बक्षिसाची ढाल ठेवली होती. ढाल म्हणजे आमचा पाय मोडलेला जुना पोळपाट. जिंकणाऱ्यानं तो वर्षभर दिवाणखान्यात टांगायचा.

पहिला मोरेश्वर उठला, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध. तरुणपणी तो तिथे राहिलाय. “मंडळी, जुलै महिन्यात स्वेटर विकणारं हे शहर आहे. पाहुणा अर्ध्या चड्डीत येतो आणि शहराचं नाव छापलेला स्वेटर घालून कुडकुडत घरी जातो. त्यालाच हे लोक टूरिझम म्हणतात. चढ असे की गाडी पार्क करताना इष्टदेवता आठवते. आणि तो पूल. मी शेजारच्या माणसांना घेऊन सात वेळा पाहायला गेलो, पाच वेळा दिसलाच नाही. धुकं. नुसतं धुकं. पण संध्याकाळी ते धुकं डोंगरावरून खाली उतरायला लागतं ना…” इथे तो थांबला. खिडकीबाहेर आमच्या गॅरेजकडे बघत राहिला. सुमेधानं त्याच्या पाठीत बोट खुपसलं तेव्हा म्हणाला, “असो. महाग आहे.”

सुमेधा बॉस्टनवर बोलली. तिथले रस्ते गाईंनी आखलेत आणि गाईसुद्धा घाईत होत्या, म्हणाली. तिथला माणूस स्वतःहून रस्ता सांगत नाही, आणि सांगितलाच तर आता पाडून टाकलेल्या इमारतीपासून डावीकडे वळायला सांगतो. “आणि एवढे शहाणे लोक एका जागी राहतात, पण एकालाही चहा करता येत नाही. फक्त आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला यायचा. ती गेली,” असं म्हणून खाली बसली आणि डोळे पुसले.

मग राजस. “ऑस्टिन, यार,” एवढं म्हणूनच त्याचा आवाज बदलला. “म्हणजे काका, ओव्हररेटेडच आहे. सगळे म्हणतात वीअर्ड सिटी, वीअर्ड सिटी. काही वीअर्ड नाही, सगळे माझ्यासारखे आयटीवाले आहेत. संध्याकाळी हजार माणसं पुलावर उभी राहून वटवाघळं बघतात. सीरियसली, वटवाघळं! आमच्या पुण्यात ती फुकट दिसतात. बार्बेक्यूसाठी सकाळपासून लाइन लावायची आणि मी व्हेजिटेरियन. मी नुसता लाइनीत उभा राहायचो, कंपनी म्हणून. आणि ब्रेकफास्ट टाको…” तो तसाच खाली बसला. आम्ही सगळे हसलो. गुरुनाथनं घंटा वाजवली.

आणि मी उठले.

मी तयारी केली होती. “मॉरिसव्हिल,” मी सुरुवात केली. “तिथली सगळी घरं एकाच रंगाची. पाहुणा चुकून शेजाऱ्याकडे शिरतो, चहा पिऊन येतो, आणि शेजारीही त्याच कंपनीतला असल्यानं संध्याकाळपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही. वसंत आला की झाडं परागकणांची पिवळी पूड ओततात. गाडी पिवळी, अंगण पिवळं, माणूस पिवळा. गावभर हळद लागल्यासारखी वाटते आणि नवरी कुठेच नसते. जर्सीचे लोक ट्रॅफिकला कंटाळून तिकडे गेले आणि जाताना ट्रॅफिक बरोबर घेऊन गेले.”

खोलीत हशा उठला. मला जोर चढला. “आणि कुठल्याही भक्ताला विचारा, अमुक किती लांब आहे? तो म्हणेल, वीस मिनिटं. देऊळ वीस मिनिटं, विमानतळ वीस मिनिटं, दवाखाना वीस मिनिटं. बाप्पा, सगळं जगच वीस मिनिटांवर! पण गाडीनं. पायी काय आहे, ते कुणी सांगत नाही. मी सांगते. पायी मेलबॉक्स आहे. आणि तोसुद्धा इथल्यासारखा दारात नाही, गल्लीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक. बस, तेवढीच मोकळीक. म्हातारपणी माणसानं तिथे जावं, पत्रं घ्यावीत आणि परत येऊन खिडकीत बसावं. कुणीतरी कामावरून येईल आणि आपल्याला कुठेतरी नेईल, म्हणून.”

मी बसले. मला वाटलं, आता सगळे गप्प होतील. आता कळेल.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोरेश्वरनं शिटी मारली. “यंदा पोळपाट शोभनाचा!” नेत्रा धावत आली आणि तिनं मला मिठी मारली. तिचे गाल ओले होते. “आई, यू नो इट सो वेल! द पोलन! मेलबॉक्ससुद्धा! एवढं प्रेम असल्याशिवाय कुणी इतकं रोस्ट करू शकत नाही.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उलट्या वादात जो जास्त नावं ठेवतो, त्याचं प्रेम जास्त. आमच्या घरात लहानाची मोठी झालेली पोर. तिला दुसरा अर्थ लागणार तरी कसा? मी जितकं खरं बोलले, तितकी खोटी ठरले. मॉरिसव्हिलची खोली माझ्या गळ्यात पडली होती आणि ती मीच बांधून घेतली होती. मी नेत्राच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मनातून हताश झाले होते.

एवढ्यात घंटा वाजली. मोठ्यानं, दोनदा.

“स्पर्धक बाद,” गुरुनाथ म्हणाला.

“काय?” मोरेश्वर म्हणाला. “अरे, सर्वांत चांगली बोलली ती.”

“चांगली बोलली, म्हणूनच बाद.” गुरुनाथनं चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. त्याचा निकाल देतानाचा सूर होता, पण आवाज जरा बसका होता. “मोरेश्वर, तू धुक्यापाशी थांबलास. सुमेधावहिनी चहापाशी थांबल्या. राजसला टाकोच्या पुढे जाता आलं नाही. आवडत्या गोष्टीला नावं ठेवताना माणूस कुठेतरी अडखळतोच. शोभना एकदाही अडखळली नाही. मी हिला कॉलेजपासून ओळखतो. ही मला शिव्या देते, तेव्हासुद्धा मध्येच ‘जेवलास का’ म्हणून विचारते. मॉरिसव्हिलला तिनं एकदाही विचारलं नाही. हिला ते शहर आवडत नाही. नियम मोडलाय.”

नेत्रानं मिठी सोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

“आई? इज दॅट ट्रू?”

खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. “हो,” मी म्हटलं.

“मग हो का म्हणालीस? आम्ही खोली केली, आई. मी पडद्यांचा रंगसुद्धा तुला विचारून घेतला.”

“पडदे सुंदर आहेत गं. तूही सुंदर आहेस. मला तुझ्याकडे यायचंय, महिना महिना यायचंय. पण राहायचं म्हटलं की मला भीती वाटते.”

“मी रोज नेईन ना तुला, जिथे म्हणशील तिथे. बाबा नेतात तसं.”

“तेच तर!” मी जरा जोरातच बोलले. “मला कुणी नेऊ नये असं वाटतं. भांडण झालं तर दार आपटून बाहेर पडता आलं पाहिजे, नेत्रा. आणि बाहेर पडल्यावर कुठेतरी पोचता आलं पाहिजे. तू मला किती जपशील, ते मला माहीत आहे. मला अजून कुणी इतकं जपायला नकोय.”

नेत्रा खाली सतरंजीवर बसली. तिचा चेहरा लहानपणी खेळ हरल्यावर व्हायचा तसा झाला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण छातीवरचं ओझंही उतरलं होतं, हेही खरं. थोड्या वेळानं ती नाक ओढत म्हणाली, “ओके. पण मग तुला कुठे राहायचंय? जस्ट टेल मी.”

मी गुरुनाथकडे पाहिलं. दोन शब्द होते, ते तोंडातून निघेनात.

“ती नाही सांगणार,” गुरुनाथ म्हणाला. “एक स्पर्धक बाद झालाय, तेव्हा एक जागा रिकामी आहे. मी बोलतो.”

मोरेश्वरच्या हातातली वडी तशीच राहिली. एवढ्या वर्षांत कुणी हे ऐकलं नव्हतं. गुरुनाथ उठला, माझ्यापाशी आला आणि घंटा माझ्या हातात दिली. “वेळ संपली की वाजव. परीक्षकालाही नियम आहेत.” मग तो टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला, कॉलेजात राहायचा तसा, हात मागे बांधून.

“विषय, जर्सी सिटी,” तो म्हणाला. “मला आवडणारं शहर.”

मी घंटा घट्ट धरली.

“या शहराची सगळ्यात मोठी शोभा कुठली, तर समोर दिसणारं न्यूयॉर्क. म्हणजे स्वतःचं काही नाही, शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात डोकावायचं आणि त्याचं भाडं भरायचं. नदीवरचा वारा उद्धट आहे. त्यानं माझी निळी टोपी नेली.”

ती टोपी! ऑक्टोबरात हरवली तेव्हा ‘वाचनालयात विसरलो’ म्हणाला होता.

“न्यूअर्क अव्हेन्यूच्या देशी बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडायला दोन मिनिटं जास्त घेतली, तर मागची बाई म्हणते, भाऊ, लग्न करायचंय का तिच्याशी? पाथ ट्रेन शनिवार-रविवारी कधी येईल, ते तिचं तिलाच माहीत. मी प्रत्येक वारी जाऊन पाहिलंय. इमारतीची लिफ्ट म्हणजे वेगळाच छळ. प्रत्येक मजल्यावर दार उघडतं आणि नवीन फोडणीचा वास आत येतो. वर पोचेपर्यंत माणसाला चार घरची भूक लागते. मी एक फ्लॅट पाहिला. बरे म्हणावे असे दोनच गुण आहेत. खाली उतरलं की वाचनालय चालत गाठता येतं, आणि वाटेत रूट वन नाही. बाकी देवघराला जागा नाही, गणपतीला कोटांच्या कपाटात राहावं लागेल. दोन आठवड्यांपूर्वी व्हॉट्सॲपवर एक नाव वाचलं आणि मी पुढचं पाहणं सोडून दिलं. म्हटलं, आपला अंदाज चुकला.”

म्हणून ती मलूल जुडी. मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. एवढी वर्षं एका घरात राहून, आम्ही दोघं एकमेकांसाठी एकमेकांपासून लपवत बसलो होतो.

“अंदाज बांधला होता तो वसंतात,” गुरुनाथ पुढे म्हणाला. आता तो माझ्याकडे बघत नव्हता, पंख्याकडे बघत होता. “मी हिला घ्यायला नीनाच्या इमारतीत गेलो, तर ही घरी नाही. फोन वरच विसरलेली. मी खाली लॉबीत बसून राहिलो. सुरुवातीला रागावलो, मग घाबरलो. बऱ्याच वेळानं काचेतून ही येताना दिसली. एका हातात पिशवी, हनुवटीला आइस्क्रीम. आरामात, दुकानं बघत चाललेली. वर्षभरात मी तो चेहरा पाहिला नव्हता. इथे मी रोज खिडकीतून पाहतो, ही रागानं निघते, मेलबॉक्सपर्यंत जाते, आणि कागद घेऊन परत येते. ती परत आली की मी पेपर वाचत असल्याचं सोंग करतो.”

माझ्या हनुवटीला आइस्क्रीम होतं, हे मला या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“तर मंडळी, या शहराचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा दोष सांगतो.” त्यानं घसा साफ केला. “तिथे गेलो की ही भांडून बाहेर पडेल आणि खरंच निघून जाईल. कधी नदीवर, कधी दुकानात, कधी त्या पाथ ट्रेनमध्ये बसून थेट पलीकडे मॅनहॅटनला. कुठे गेली, कधी येणार, मला काही कळणार नाही. सकाळी ‘कुठे जायचंय का’ विचारायची सोय राहणार नाही. मी एकटा घरात, खिडकीशी, हिची वाट बघत बसणार. असं हे शहर आहे. आणि लोक त्याला डोक्यावर…”

तो अडखळला.

सुमेधा डोळे पुसत होती. मोरेश्वरनं वडी एकदाची तोंडात टाकली. राजसनं फोनमध्ये पाहिलं आणि हळूच म्हणाला, “काकू, टाइम झाला. घंटा.”

“नको वाजवूस, आई,” सतरंजीवरून नेत्रा म्हणाली. ती हसत होती, नाक लाल झालं होतं. “लेट हिम फिनिश. पण पडदे मी बदलणार नाही हां. डिसेंबर-जानेवारी तुम्ही माझ्याकडे.”

मी घंटेचा लोलक बोटांत धरून ठेवला, म्हणजे चुकूनसुद्धा आवाज व्हायला नको.

“बोल,” मी गुरुनाथला म्हटलं. “अजून काय काय वाईट आहे तिथे?”